पुसणारे ड्रॉइंग मास्तर

ज्या माणसाबद्दल लिहायला बसलो आहे, त्याचा चेहरा मला आठवत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दोन-अडीच वर्षं आम्ही एकाच पडवीत राहिलो, मधे नुसती कुडाची भिंत. त्यांचा कोपरावर ठिगळ लावलेला करडा कोट आठवतो. नखांत रुतून बसलेला तांबडा रंग आठवतो. उजवा खांदा जरा पुढे काढून चालायची लकब आठवते, खोकण्याआधी रुमाल शोधणारा हात आठवतो. चेहऱ्याच्या ठिकाणी मात्र काही नाही. मी गणिताचा मास्तर. विद्यार्थ्यांचे तर सोडाच, त्यांच्या बापांचेही चेहरे मला अजून ओळखू येतात. याच एका माणसाच्या बाबतीत असं का व्हावं, याचं उत्तर मी पुष्कळ शोधलं. एक उत्तर सापडलं आहे, पण ते मला आवडत नाही.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीची ती वर्षं. मी घाटावरचा, साताऱ्याकडचा. रत्नागिरीच्या एका हायस्कुलात नोकरी लागली आणि वरच्या आळीत एका जांभ्या दगडाच्या घराच्या पडवीत बिऱ्हाड केलं. घरात दोनच माणसं, वहिनी आणि त्यांच्या आंधळ्या सासूबाई. वहिनींचे यजमान आंब्याच्या पेट्यांबरोबर गलबतातून मुंबईला निघाले, ते पोचलेच नाहीत. गलबत सापडलं नाही की त्याची एखादी फळीही किनाऱ्याला लागली नाही. वहिनी तेव्हा विशीतल्या. त्या दिवसापासून त्या धड सवाष्ण नव्हत्या, धड विधवा नव्हत्या. कपाळाला कुंकू लावायच्या, पण हळदीकुंकवाची बोलावणी त्यांचं दार वगळून पुढच्या घरी जायची. कोणी वाईट बोलायचं नाही हो, नुसतं वगळायचं. मला त्याचा संताप यायचा. पण घाटावरच्या माणसाने कोकणातल्या आळीला अक्कल शिकवू नये, हे मी पहिल्या महिन्यातच शिकलो होतो.

सासूबाई दिवसभर माजघरात बाजेवर पडून असायच्या. कुठे पाऊल वाजलं की त्यांची हाक यायची, "आलास का रे?" दूधवाला आला तरी तेच, मांजर गेलं तरी तेच. सुरुवातीला मी दचकायचो. पुढे पुढे "मी हो आजी, भाडेकरू" म्हणून जायची सवय झाली.

ड्रॉइंग मास्तर माझ्यानंतर वर्षभराने आमच्याच शाळेत आले. मूळचे दापोलीजवळच्या मुरुडचे, मुंबईला चित्रकला शिकलेले. शिक्षण पुरं झालं होतं की मधेच सोडलं होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ट्रंक खाली ठेवतात न ठेवतात तोच वहिनी म्हणाल्या, "बसा हो झोपाळ्यावर, दमला असाल. चहा टाकते." मास्तर झोपाळ्यापाशी गेले आणि थबकले. मग डावी बाजू मोकळी सोडून, उजव्या कडेला अंग चोरून बसले.

मी म्हटलं, "अहो, ऐसपैस बसा की."

"नको. तिथे कोणी बसतं," ते म्हणाले. देवळातल्या पंगतीत एखादा शेजारच्या पानाबद्दल सांगेल, इतक्या साध्या आवाजात.

वहिनींच्या हातातला तांब्या कलंडला. यजमान त्याच बाजूला बसायचे, हे मला मागाहून कळलं. मी ताबडतोब खुलासा शोधला. त्या बाजूची फळी बसून बसून जास्त गुळगुळीत झाली असणार आणि चित्रकाराच्या नजरेने ते टिपलं असणार. दुसऱ्या दिवशी कोणी नाही असं पाहून मी फळीवरून हात फिरवला. दोन्ही बाजू सारख्याच गुळगुळीत होत्या.

शाळेत त्यांचा वर्ग म्हणजे आम्हा बाकीच्यांना करमणूक होती. इतर ड्रॉइंग मास्तर आंबा, तांब्या, छत्री काढायला लावतात. हेही लावायचे. स्टुलावर तांब्या ठेवायचे, मुलं मन लावून तो काढायची, कंगोऱ्यासकट, सावलीसकट. मग मास्तर तांब्या उचलून कपाटात ठेवायचे आणि म्हणायचे, "आता पुसा. पण असं पुसा, की तांब्या गेला पाहिजे आणि तो इथे होता हे राहिलं पाहिजे." मुलं रबराऐवजी पावाच्या तुकड्यांनी कागद घासून घासून भोकं पाडायची. हुशार मुलं रडकुंडीला यायची. माझ्या तासाला ज्यांना पाढे येत नसत, अशा एकदोघांना मात्र ते बरोबर जमायचं. एका मुलाचे वडील हेडमास्तरांकडे तक्रार घेऊन आले. मुलगा जेवायला बसला की शेजारचा मोकळा पाट कोणाला हलवू देत नाही म्हणे. तिथे आजोबा होते, पाट हलवला तर ते पुसले जातील, असं म्हणतो. हेडमास्तर हसले. वडील हसले नाहीत.

त्यांची स्वतःची चित्रंही अशीच व्हायची. मिरकरवाड्याच्या बंदरावरून ते जुन्या शिडांचे तुकडे आणायचे. धुऊनही त्यांचा माशाच्या तेलाचा वास जात नसे. जांभा कुटून तांबडा रंग, शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा, दिव्याच्या काजळीचा काळा. आधी एखादी वस्तू अशी हुबेहूब काढायचे की हात लावून पाहावंसं वाटे. मग तिच्यावर रंगाचे हात द्यायला लागायचे, पुसायचे, पुन्हा द्यायचे. शेवटी कापडावर नुसते पट्टे आणि डाग उरायचे. मुंबईत आता अशा चित्रांची प्रदर्शनं भरतात आणि लोक माना डोलावतात. तेव्हा आमच्या आळीत त्याला 'मास्तरांची सारवणं' म्हणायचे.

इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले तेव्हा वर्गात असलं एक चित्र टांगलेलं होतं.

"हे कशाचं चित्र?"

"कशाचं ते नका विचारू साहेब. आहे का, ते विचारा."

"काय आहे का?"

मास्तरांनी फळा पुसायला घेतला. इन्स्पेक्टरसाहेबांनी शेरा लिहायला वही मागवली. पण वर्गाबाहेर पडताना त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि दोन पावलं झाल्यावर पुन्हा पाहिलं, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मग गॅदरिंगचा पडदा. नाटकात जंगलाचा प्रवेश होता आणि मास्तरांना जंगल रंगवायला सांगितलं होतं. त्यांनी झकास जंगल रंगवलं. साग, वेली, एक हरीणसुद्धा. मी डोळ्यांनी पाहिलं. नाटकाच्या दिवशी पडदा सोडला तेव्हा वरपासून खालपर्यंत नुसता काळपट हिरवा रंग. पडदा ओढायला बसलेला शिपाई मिरकरवाड्याचा, दर्यावर वाढलेला गडी. तो तोंड फिरवून बसला आणि म्हणाला, "माज्यानं नाय बगवत. ह्यात कोनतरी हाय." राजाचं काम इतिहासाच्या मास्तरांकडे होतं. त्यांनी अख्खा प्रवेश पडद्याकडे तोंड आणि प्रेक्षकांकडे पाठ करून म्हटला. पोरांनी हुर्यो केली. नंतर हेडमास्तरांनी झापलं तेव्हा ते बिचारे एवढंच म्हणाले, "त्याच्याकडे पाठ करवेना हो." त्या हरणाचं काय झालं, असं मी मास्तरांना विचारलं. "असेल की तिथेच," ते म्हणाले.

मी हे सगळं थट्टेवारी नेत होतो. वहिनींच्या दिरांचं प्रकरण निघेपर्यंत.

वहिनींचे धाकटे दीर पावस गावी आंब्याच्या बागेत राहायचे. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. त्यांची पोरं जगत नव्हती. एकामागून एक पाळण्यातच गेली. कोणीतरी सांगितलं, थोरल्या भावाचं क्रियाकर्म झालेलं नाही, तो अडकून पडलाय, तोच वंश वाढू देत नाही. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग दर्भाचा, पळसाच्या पानांचा माणूस करून, डोक्याच्या जागी नारळ ठेवून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. बारा वर्षं त्या मे महिन्यात भरत होती. दिरांच्या बायकोला पुन्हा दिवस गेले होते. ते भटजी ठरवून, सामान घेऊनच आले.

म्हणजे वहिनींचं कुंकू पुसलं जाणार होतं. न्हावीही सांगून ठेवला होता. वहिनी त्या दिवसांत स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या तेव्हा केसांचा घट्ट अंबाडा एका हाताने धरून असायच्या, नकळत.

आणि दिरांनी एक चमत्कारिक गोष्ट काढली. मास्तरांसमोर हात जोडून म्हणाले, "मास्तर, तुम्ही दादाची तसबीर काढून द्या. फोटो नाहीये हो एकही. पानांच्या माणसाबरोबर ती तसबीर जाळायची."

मी म्हटलं, "भटजींनी सांगितलंय का तसं?"

"भटजी नको म्हणतात. पण पानांचा माणूस सगळ्यांचा सारखाच नाही का? हा आपलाच विधी चाललाय, हे दादाला कळायला नको?"

आणि हे मागणं कोणाकडे, तर ज्याने उभ्या आयुष्यात एक वस्तू कापडावर राहू दिली नाही त्याच्याकडे! मला वाटलं, मास्तर नाही म्हणतील. ते म्हणाले, "काढतो. वहिनींनी सांगायला हवं."

दुपारी ओटीवर बसलो. वहिनी दाराच्या आड उभ्या, मी सोबतीला मधे. मास्तर खडू घेऊन विचारायला लागले.

"कपाळ?"

"रुंद."

"नाक?"

"सरळ होतं."

"डोळे?"

आतून हुंदका आला. "मास्तर, मी सांगते ते सगळं खोटं आहे. मला त्यांचा चेहरा आठवत नाही हो. दोनेक वर्षं झाली. एके दिवशी सकाळी उठले नि तो गेलेला होता. पुष्कळ आठवून पाहिलं. मेलीला नवऱ्याचं तोंड आठवू नये? माझं काय व्हायचं ते होवो, पण हे भावजींना कळू देऊ नका."

मी मान खाली घातली. मास्तरांनी खडू ठेवून दिला. मला वाटतं, त्यांना बरंच वाटलं होतं. "मग काय आठवतं ते सांगा," ते म्हणाले.

वहिनींना चेहरा सोडून सगळं आठवत होतं. झोपाळ्याची डावी बाजू. आंब्याच्या पेंढ्याचा अंगरख्याला येणारा वास. खुंटीवरचं पागोटं. "आणि चालायचे असे, की माजघराचं दार एवढं अरुंद, पण आत येताना कधी थांबायचे नाहीत. समोर असेल त्याने बाजूला व्हायचं. मी तर चाहूल लागली की पदर पुढे ओढून भिंतीला लागायचे." एवढं सांगताना त्या रडायच्या थांबल्या होत्या.

मास्तर दोन दिवस काम करत होते. सुट्टी असूनही मी गावी गेलो नव्हतो. त्यांनी शिडाचा मोठा तुकडा घेतला आणि झोपाळा काढला, पागोटं काढलं, दार काढलं, त्या दाराचा झिजलेला उंबरठा काढला. इतकी जिवंत चित्रकारी मी पुन्हा पाहिली नाही. मग ते पुसायला लागले. कुडापलीकडून कापड घासल्याचा आवाज सतत यायचा. मधेच आवाज थांबायचा आणि ते हलक्या आवाजात "हं, या" असं म्हणायचे. मी डोकावून पाहिलं तर ते एकटेच असायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चित्र माजघरात नेऊन भिंतीला टेकवलं आणि दिरांना, वहिनींना आणि मला बोलावलं. आम्ही येऊन उभे राहिलो. वर गडद तांबडं, मधून राखेसारखा एक पट्टा गेलेला, आणि डावीकडे खाली रंग विरळ होत होत नुसतं कापड उरलेलं. तिथे काही काढलेलं नव्हतं. पण त्या जागेला रिकामी म्हणायला जीभ धजत नव्हती.

दीर बघत राहिले. "हे... ह्यात दादा कुठाय?"

तेवढ्यात बाजेवरून सासूबाईंची हाक आली, "आलास का रे?"

कोणी हललं नव्हतं. माझी तरी तशी खात्री आहे. दिरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारी प्रत्येक पावलाला हेच म्हणते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते वर्षाकाठी एकदा यायचे आणि या खेपेलाही भटजींकडे उतरले होते. मला ठाऊक होतं. वहिनींना ठाऊक होतं. आम्ही दोघांनीही तोंड उघडलं नाही.

दीर मटकन खाली बसले आणि चित्रापुढे डोकं टेकून लहान पोरासारखे रडले. "दादा, चुकलो रे! आईने ओळखलं. आलेल्या माणसाला मी अग्नी देणार होतो!" भटजी परत गेले, न्हाव्याला नको म्हणून निरोप गेला. पानांचा माणूस दोन दिवस परसात पडून होता. मग वहिनींनी पानं सोडवून गोठ्यात टाकली. त्या संध्याकाळी त्यांच्या कपाळावरचं कुंकू नेहमीपेक्षा ठळक दिसलं आणि मला मनापासून आनंद झाला. चित्र माजघरातच टांगलं. दिरांना मुलगा झाला आणि तो जगला. मग काय विचारता! दर वर्षी पावसहून आंब्याची पहिली पेटी त्या चित्रापुढे यायला लागली.

मास्तर मात्र खचले. त्यांनी चित्रं काढणं थांबवलं. वर्गात मुलांना तांब्या काढायला लावायचे आणि काढून झाला की तास संपवायचे. मी गमतीने म्हटलं, "काय हो, पुसायचं विसरलात?" तर म्हणाले, "नको. पुरे झालं." माजघरात ते पुन्हा कधी गेले नाहीत. जेवणाचं ताट ओटीवर मागायचे.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी नोकरी सोडली. मी त्यांना बोटीवर पोचवायला गेलो. आगबोट लांब उभी होती आणि किनाऱ्यावरून माणसं पडावातून जात होती. पडावात चढता चढता ते म्हणाले, "एक राहिलंच. जागा केली की कोणी ना कोणी येतं. कोण येईल, ते आपल्या हातात नसतं. वहिनींना हे सांगायला हवं होतं."

"मग चला की परत. सांगा."

पडाव सुटला होता. ते माझ्याकडे वळले, पण ऊन त्यांच्या पाठीशी होतं आणि चेहरा दिसला नाही. त्यानंतर त्यांचं काय झालं, कोणाला ठाऊक नाही. मुरुडच्या एकाला मी विचारलं. तो म्हणाला, त्या नावाचं आमच्याकडे कोणी नाही.

वहिनींना मी ते सांगितलं नाही. कुंकू वाचलेल्या बाईला असलं काही सांगून कशाला तिच्या जिवाला घोर लावायचा? शिवाय माझा त्यावर विश्वासही नव्हता. पुढे माझी बदली झाली.

त्यानंतर रत्नागिरीला गेलो ते सात-आठ वर्षांनी, एका लग्नाला. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा ज्येष्ठ, पाऊस नुकताच लागलेला. वहिनींना भेटायला गेलो. सासूबाई वारल्या होत्या. वहिनींच्या समोरच्या केसांत पांढरं दिसत होतं, कुंकू मात्र रुपयाएवढं. मला माजघरात बसवून त्यांनी पोहे दिले. भिंतीवर चित्र होतं, खाली आंब्यांची पेटी. वहिनी एकट्या राहत होत्या, पण चुलीवर भात दोघांना पुरेल एवढा होता. तो मी पाहिला, हे त्यांनी पाहिलं.

"तुमच्यापासून काय लपवायचं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सासूबाई बोलल्या, ते नेहमीचंच होतं. तुम्हांलाही ठाऊक होतं. मी चित्राकडे पाहिलं तर मला काहीसुद्धा दिसलं नव्हतं. केस वाचले एवढंच वाटलं. तेव्हा नव्हते ते." त्यांनी चित्राकडे न बघता आवाज खाली आणला. "सासूबाई गेल्या त्या वर्षापासून आहेत."

मला मास्तरांचा पडाव आठवला. "तेच ना, वहिनी?" मी विचारलं. विचारू नये ते विचारलं.

वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "दुसरं कोण असणार?" त्या म्हणाल्या. मग माझी रिकामी बशी उचलत, "तोंड दिसत नाही." मी मास्तरांचं तोंड आठवायला गेलो, तर तेही आठवेना.

बाहेर झड लागली होती. दिवेलागण झाली. वहिनी समई लावायला उठल्या आणि मीही निघायला उठलो. माजघराच्या त्या अरुंद दारात पोचलो, आणि माझं मलाच न कळता मी थांबलो, अंग चोरलं, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. वडीलधारं कोणी समोरून आत येत असलं की आपण होतो तसा. "या" हा शब्दही तोंडून निघून गेला. समोर ओटीवर नुसता झोपाळा होता आणि त्यापलीकडे पाऊस.

मी वळून पाहिलं. वहिनींनी समई खाली ठेवली होती आणि त्या डोक्यावरचा पदर पुढे ओढत होत्या.